पाहणीच्या आदल्या दिवशीचा रंग

आक्का माहेरी यायची तेव्हा आधी तिच्या पिशव्या दारातून आत येत आणि मागून आक्का. त्या सकाळी पिशव्यांतून दोन पडदे निघाले, टेबलावर घालायचं एक कापड निघालं, नव्या कपबशा निघाल्या. पडदे तिच्याच दुकानातले. गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिल्यामुळे पडून राहिलेले. पण दुकानापासून माहेरापर्यंत येता येता ते ‘मुद्दाम तुमच्यासाठी शिवले’ असे झाले होते. आक्काचा कुठलाही उपकार घरच्या कपड्यांत बाहेर पडत नसे, नटूनथटूनच निघायचा.

वहिनी, म्हणजे धाकट्या भावाची बायको, तिच्या मागोमागच आली. इस्पितळाच्या धुलाईघरात कालपासूनच्या सलग दोन पाळ्या संपवून. तिने पडद्यांकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि चप्पल न काढताच मटकन पलंगावर बसली.

“भिंत कोणी रंगवली?”

“कोण रंगवणार?” कोपऱ्यात स्टुलावर बसून ब्रश पुसत आक्काचे वडील, अण्णा, म्हणाले. “या घरात रंगारी दोन. एक काल साइटवर होता.”

“अहो अण्णा, आज घर बघायला बाई येणार आहेत. पालिकेच्या.”

“म्हणूनच तर!” अण्णांचा चेहरा असा खुलला होता की वहिनीला पुढचं बोलवेना. गुडघे गेल्यापासून त्यांनी ब्रश खाली ठेवला होता. काल तो परत उचलला आणि एका दिवसात माणूस दहा वर्षांनी तरुण झाला.

ती भिंत म्हणजे त्या घराचं उघडं गुपित. घर रस्त्यापेक्षा खाली, पायऱ्या उतरून जायचं. एक झोपायची खोली, एक स्वयंपाकाची. झोपायच्या खोलीत अण्णा, धाकटा, वहिनी आणि त्यांची मुलगी ठिपकी. भिंतीतून ओल चढत चढत छताला टेकली होती, रंगाचे पोपडे अंथरुणात पडायचे, आणि काळी बुरशी पसरलेली असायची ती नेमकी ठिपकीच्या उशाशी. ठिपकीच्या छातीतून थंडीत शिट्टी वाजायची. खिडकीतून पाहिलं की रस्त्यापलीकडे पालिकेची नवी घरं उठत होती: या वस्तीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या आणि राहायला धड जागा नसणाऱ्या लोकांसाठी. धाकटा तिथेच रंगकामाला होता. दिवसभर कोरड्या भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी ओल्या भिंतीला पाठ लावून जेवायचा.

अर्ज केला होता वहिनीने. पालिकेतल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं की पाहणीला माणूस येईल, तो जे पाहील त्यावर सगळं. तेव्हापासून तिने त्या भिंतीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. साक्षीदाराला जपावं तशी ती भिंत जपली होती. आणि काल अण्णांनी साक्षीदाराला न्हाऊमाखू घालून, पावडर लावून बसवलं होतं.

“मी सांगितलं अण्णांना,” आक्का म्हणाली. “फोन केला होता मी. परकी बाई घरात येणार, ते काळं काळं बघून काय म्हणेल? आपण काही अगदी रस्त्यावरचे नाही.”

“आक्का, रस्त्यावरचे नाही हे दाखवून घर मिळत नाही.”

“मागायचं असलं तरी नीट कपडे घालून मागावं गं. ही आपल्या घरची रीत आहे.”

रीत खरीच होती. या घराण्यात पाहुणा यायचा म्हटलं की आधी भिंत, मग चहा. आक्काला बघायला मंडळी आली तेव्हा अण्णांनी अख्खं घर असंच पांढरंशुभ्र केलं होतं, इतकं ताजं की होणाऱ्या सासूबाई टेकून बसल्या आणि पाठीवर पांढरा पट्टा घेऊन गेल्या. तरी स्थळ जमलं. सासरी पोचेपर्यंत अण्णा ‘रंगारी’चे ‘रंगकामाचे कंत्राटदार’ झाले होते. ती बढती आक्कानेच दिली होती आणि आजवर कोणी परत घेतली नव्हती.

काल रात्री साइटवरच राहिलेला धाकटा अर्धी सुट्टी टाकून आला. भिंत पाहून त्याने आधी धंद्याचा माणूस म्हणून मान डोलावली. “हात अजून चालतो हां अण्णा.” मग बायकोचा चेहरा दिसला आणि त्याची मान जागच्या जागी थांबली.

“खरवडून टाकू का?” त्याने हळूच विचारलं.

“खरवड की,” अण्णा म्हणाले. “बापाचं काम मुलानेच खरवडावं. दुसऱ्या कोणाला सांगायचं?”

धाकट्याने रंग खरवडायला हातात घेतलेली पत्री परत डब्यात टाकली. तो असाच. बायकोच्या बाजूने उठायचा आणि बापाच्या बाजूला जाऊन बसायचा.

दरम्यान आक्काने पडदे लावले. गाद्या गुंडाळून वरच्या मजल्यावर शेजारणीकडे पाठवल्या, कारण खोलीभर गाद्या बऱ्या दिसत नाहीत. त्यांच्याबरोबर ठिपकीलाही पाठवलं. “सारखी खोकते बिचारी. बाईंना वाटायचं काही साथ आहे.” वहिनी तेव्हा मोरीत तोंड धूत होती. बाहेर येऊन पाहते तो घरात ना गादी, ना मुलगी, ना ओल. टेबलावर कापड, त्यावर नव्या कपबशा. एखाद्या सुखवस्तू विधुराची बैठक असावी तशी खोली.

“छान दिसतंय की नाही?” आक्का म्हणाली.

वहिनी ठिपकीला आणायला दाराकडे वळली. तेवढ्यात दार वाजलं.

दारात उभ्या असलेल्या बाईंना पाहून आक्का दोन पावलं मागे सरकली. काखेत फाइल, पायांत साधे बूट, चेहरा रोजचा. रोजचाच, कारण त्या आक्काच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. ‘कुठल्याशा ऑफिसात आहेत’ एवढंच आक्काला माहीत होतं. हेच ते ऑफिस असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“अरे, तुम्ही!” बाई म्हणाल्या. “तुम्ही इथे कशा?”

माणसाला खोटं सुचायला वेळ लागत नाही, खरं बोलायला लागतो. “भावाकडे आलेय,” आक्का म्हणाली. हे निदान खरं होतं.

बाई आत आल्या. बसा म्हटलं तर उभ्याच राहिल्या. दिवसभरात बरीच घरं पाहायची होती. अण्णा स्टुलावरून उठले. बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

“बाबा, तुम्हाला मी पाहिलंय. आमच्याच जिन्यात ना?”

आणि आक्काला तो जिना आठवला. गेल्या वर्षी तिच्या घराला रंग लावायचा होता, गुडघे दुखत असूनही अण्णा आले होते. मुलीच्या घराला परका हात कशाला, म्हणून. जिन्यात ह्याच बाई वरून उतरत होत्या. “रंग चाललाय वाटतं?” त्यांनी विचारलं, आणि आक्का म्हणाली होती, “हो, माणूस लावलाय.” माणूस दोन पायऱ्या खाली बादली घेऊन उभा होता. त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली, भिंतीला चिकटून बाईंना वाट दिली, आणि त्या दिवशी दुपारी आक्काने वाढलेलं नेहमीसारखंच जेवला. एका शब्दाने काही बोलला नाही. आक्काने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की त्यांना ऐकू आलं नसेल.

आता बाईंच्या तोंडून पुढचं वाक्य निघायच्या आत आक्काने घाई केली.

“हो ना! अण्णा माझ्याकडेच असतात. म्हणजे राहायला माझ्याकडेच. इकडे येऊन-जाऊन.”

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. कंत्राटदार ही निदान बढती होती, ही तर एकदम बदलीच झाली.

“असं?” बाईंनी फाइल उघडली. “अर्जात इथे चार माणसं आहेत.”

वहिनीने तोंड उघडलं. “चारच आहेत. अण्णा...”

“असतो मी हिच्याकडे,” अण्णा म्हणाले.

ते इतकं शांतपणे म्हणाले की वहिनीचं वाक्य तिथेच गोठलं. सासऱ्याला परक्या माणसासमोर खोटं कसं पाडायचं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलावरच्या कापडाची किनार निरखत होता.

“म्हणजे तिघं,” बाईंनी लिहिलं. “आणि ओल लिहिली आहे. कुठे आहे ओल?”

भिंत इतकी सुरेख दिसत होती की तिच्यावर आरोप करायला जीभ वळेना.

तेवढ्यात वरून खोकला ऐकू आला. एकदा, मग थांबून पुन्हा, आणि मग तो ठिपकीचा ओळखीचा, न संपणारा खोकला.

“वरच्यांची मुलगी,” आक्का म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. एका खोट्याची गाडी उतारावर लागली की पुढची आपोआप घरंगळतात.

वहिनीच्या हातातली कपबशी टेबलावर आपटली.

“ती माझी मुलगी आहे.”

“मग वर का पाठवलीत?” बाईंनी विचारलं.

बाईंनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. रागाने नव्हे. दिवसभर लोक आपल्यापुढे काय काय मांडतात आणि काय काय लपवतात हे पाहून पाहून जो कोरडेपणा येतो, त्याने.

“हे बघा, मला जे दिसतं तेच मी लिहिते. माणसं तिघं, खोल्या दोन, भिंती कोरड्या. घरं थोडी आहेत, याहून वाईट अवस्थेत राहणारे पुष्कळ आहेत. चहा नको, मला वर जायचंय. वरच्यांचाही अर्ज आहे.” आणि त्या गेल्या.

दार लागलं. पहिला आवाज फुटला तो धाकट्याला. बायकोच्या बाजूने पहिल्यांदाच एवढा फुटला.

“आक्का, तू आलीस कशाला आज?”

“मी मदतीला...”

“मदतीला! त्या समोरच्या घरात पूर्वेकडची खिडकी आहे. मी स्वतः रंगवलीय तिची चौकट. रोज रंगवताना मनात म्हणतो, इथे ठिपकीचं अंथरूण. तू दोन वाक्यांत पुसून टाकलंस ते! आणि कशासाठी? तुझ्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावाल्यांना कळू नये म्हणून!”

“आवाज हळू,” आक्का म्हणाली. “वर ऐकू जाईल.”

“अजून तेच!” वहिनी हसली. वाईट हसली. “अण्णा, तुम्ही तरी का हो म्हणालात?”

अण्णांनी खुंटीवरचा सदरा काढला, झटकला, घडी घातली. पलंगाखालची कापडी पिशवी ओढली. सदरा आत ठेवला. मग धोतर. मग चष्म्याची डबी. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही.

“अण्णा, हे काय?” धाकट्याने विचारलं.

“हिच्याकडे जातो राहायला,” अण्णा म्हणाले. “म्हणजे पोरगी खोटी पडणार नाही. बाई उद्या जिन्यात भेटल्या तर मी तिथे असायला नको? आणि इथे तुम्हाला तेवढीच जागा.”

ते आक्काकडे पाहत नव्हते, पिशवीचं तोंड आवळत होते. पण बाकी दोघं पाहत होते. आक्काने ‘चला’ म्हणायला हवं होतं. एवढासा शब्द. तिच्या डोक्यात मात्र दुसरंच काय काय येत होतं: नवऱ्याचा चेहरा, बैठकीतला सोफा, सकाळी सहाला अण्णांची खाकरण्याची सवय, इमारतीत कोणी विचारलं तर सांगायचं काय. कंत्राटदार असे असतात का? आणि ‘चला’ काही तिच्या तोंडातून येईना. हातातला कप ती नुसताच पुसत राहिली. कप आधीच कोरडा होता.

अण्णांची बोटं गाठीवर थांबली. थोडा वेळ ते वाट पाहत होते, आणि मग ते वाट पाहत नव्हते. हा फरक आक्काला स्पष्ट कळला. तो कळला आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

जमिनीला ओल होती, पण ती काही दुभंगली नाही. तेव्हा आक्का उठली आणि दार उघडून जिना चढू लागली.

वरच्या शेजारणीच्या दारात बाई उभ्या होत्या. शेजारीण होती, तिची सासू होती, गाद्यांच्या वळकटीवर बसलेली ठिपकी होती. एवढ्या लोकांत बोलायचं नाही, बाईंना बाजूला बोलवायचं, असं आक्काने पायरीपायरीला ठरवलं होतं. वर पोचल्यावर तिला धाप लागली आणि ठरवलेलं सगळं निसटलं.

“अण्णा माझ्याकडे राहत नाहीत,” ती म्हणाली. “एक दिवस राहिलेले नाहीत. मी कधी या म्हटलं नाही. ते खालीच असतात, त्याच खोलीत. ह्या गाद्या त्यांच्या आहेत. ही ठिपकी आमची. भिंत काल रंगवली.”

शेजारणीची सासू, जिला एरवी हाक मारली तर ऐकू येत नसे, तिने मान लांब केली.

“मग मघाशी तसं का सांगितलंत?” बाई म्हणाल्या.

“तुम्ही त्यांना जिन्यात पाहिलं होतं म्हणून. मी म्हटलं होतं, रंगाला माणूस लावलाय. ते माझे वडील होते.”

बाईंनी फाइल काखेत घेतली. “चला खाली.”

खाली बाईंनी भिंतीवर तळहात टेकला. दाबला. कोरड्या दिसणाऱ्या रंगाची साय फोडासारखी आत गेली, पुन्हा वर आली, आणि हात काढला तेव्हा तो पांढरा आणि ओला होता. धाकट्याने न सांगता पत्री उचलली. अण्णांनी त्याला अडवलं नाही. उलट स्वतःच म्हणाले, “तिथून नको. खालून घाल, पटकन सुटेल.” धाकट्याने खालून पत्री घातली आणि आदल्या दिवशीचा रंग पदरासारखा सोलून खाली आला. मागे सगळं होतं. पोपडे, बुरशी, ठिपकीच्या उशापर्यंतचं काळं.

“आणि बाबा,” बाई म्हणाल्या, “तुम्ही कुठे राहता?”

“हिच्याकडे,” अण्णा म्हणाले. पिशवी अजून पायाशी होती. “पोरगी खोटं कशाला बोलेल?”

“अण्णा, मी सांगितलंय त्यांना. सगळं.”

“काय सगळं?”

“जिन्यातलं.”

अण्णांनी मान हलवली. “त्यात काय सांगायचं? मी रंगवायलाच आलो होतो. माणूसच लावला होतास. खोटं काय होतं त्यात?”

म्हणजे ऐकू आलं होतं. वर्षभर आक्काने ज्या एका गोष्टीवर भार टाकला होता ती खालून सरकली. धाकट्याने बहिणीकडे पाहिलं, आणि ओरडण्यासारखं काही राहिलं नाही असं वाटून पुन्हा भिंतीकडे वळला. वहिनीने दुसरीकडे तोंड फिरवलं. तिची ती दया आक्काला रागापेक्षा जड गेली.

“बाई,” आक्का म्हणाली, “ते माझ्यासाठी बोलतायत. तुम्ही चार लिहा. माझ्या घरी त्यांचं अंथरूणसुद्धा नाही.”

बाईंनी लिहिलेलं खोडलं, नवं लिहिलं, अण्णांना सही करायला सांगितली. अण्णांनी आधी आक्काकडे पाहिलं. तिने मान हलवल्यावरच सही केली.

“आता इथे चार माणसं राहतात असं नोंदलंय. मिळेलच असं मी सांगू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “पण निर्णय होईपर्यंत पुन्हा पाहणी होऊ शकते. अचानक. तेव्हा जे लिहिलंय ते दिसायला हवं.” दारात त्या आक्कापाशी क्षणभर थांबल्या. “संध्याकाळी पाणी येणार नाहीये आपल्याकडे. भरून ठेवा.” एवढंच म्हणाल्या. उद्यापासून रोज जिन्यात भेटायचं होतं, त्याची सुरुवात त्यांच्या परीने सोपी करून गेल्या.

धाकटा गाद्या आणायला वर गेला, वहिनी ठिपकीला आणायला. खोलीत बाप-लेक दोघंच उरले. भिंतीच्या पायथ्याशी सोललेल्या रंगाचा ढीग पडला होता. आक्का खाली बसली, पिशवीची गाठ सोडली, सदरा काढून खुंटीला लावला, धोतर घडीवर घडी ठेवलं. मग चष्म्याची डबी हातात धरून ती थांबली.

“अण्णा, माझ्याकडे चला. खरंच चला. आजच. काय व्हायचं ते होऊ दे.”

अण्णांनी चष्म्याची डबी तिच्या हातातून घेतली.

“आता कसा येऊ?” ते म्हणाले. “आता मी इथे राहतो असं लिहिलंय. बाई म्हणाल्या ना, अचानक येतील. मी नसलो तर पोरांचं घर जाईल.”

बरोबर होतं. आता त्यांना नेताच येणार नव्हतं. आक्काने मान खाली घातली, आणि छातीवरचा दगड उतरावा तसं तिला आतून हलकं वाटलं. सोफा राहिला, सकाळ राहिली, नवऱ्याशी बोलायचं राहिलं. ती हलकी झाली हे तिला कळलं आणि कळताच तिने घाईने वर पाहिलं.

अण्णा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी नजर काढून घेतली, जिन्यात बाईंना वाट दिली होती तशी, अलगद बाजूला.

“निघ तू,” ते म्हणाले. “तुला पाणी भरायचंय.”